बंबात गेलेली पॉलिसी

बशीत पाणी घ्यायचं, कागदासकट तिकीट त्यात सोडायचं, गोंद सुटला की चिमट्याने अलगद उचलून टिपकागदावर पालथं घालायचं. पाचवीत असताना मला एवढी विद्या आली होती, आणि तेवढ्या बळावर मी स्वतःला तिकीटसंग्राहक म्हणवून घेत होतो.

१९७२ च्या दिवाळीत साताऱ्याच्या घरी आजी पत्र्याची ट्रंक आवरत बसली होती. तिने एक जाड, पिवळट, चार घड्यांचा कागद माझ्यापुढे टाकला. "घे तुला. ह्यांची बुडालेली पॉलिसी आहे. तिकिटं आहेत बघ वर." कागदाला वेलबुट्टीची किनार होती आणि कोपऱ्यात दोन तिकिटं, एक आठ आण्यांचं, एक चार आण्यांचं. दोन्हींवर सहावा जॉर्ज, आणि नेहमीच्या पोस्टेजच्या जागी इन्शुरन्स असा शब्द. त्या दोन्हींवरून जांभळ्या शाईचा गोल शिक्का आडवा गेला होता आणि शिक्क्यावर कुणाची तरी लफ्फेदार सही होती. मला ती घाण वाटली. टपालाच्या तिकिटावर हलका शिक्का चालतो, पण एवढा बरबटलेला म्हणजे माल खराबच, अशी माझी समजूत होती.

कात्रीने तिकिटांचा चौकोन कापून घेतला आणि बशीत सोडला. बघता बघता पाणी वांग्याच्या रंगाचं झालं. घाण निघाली म्हणून मी खूश. तिकिटं वाळली तेव्हा जॉर्जच्या गालावर फिकट जांभळा ढग तेवढा उरला होता. सही गेली, तारीख गेली, कंपनीचं नाव गेलं. उरलेली पॉलिसी दुसऱ्या दिवशी पहाटे मीच बंबात घातली. दिवाळीच्या आंघोळी होत्या आणि कागद छान जाड होता, चांगला पेटला.

पुढची वीस-पंचवीस वर्षं ती दोन तिकिटं वहीच्या शेवटच्या पानावर पडून राहिली. त्यांच्याबरोबर पगारपत्रकांवरची रेव्हेन्यू तिकिटं, कोर्टफीचे तुकडे, असं सगळं किरकोळ. टपाल तिकिटांच्या मंडळींत या वर्गाला फारसा मान नसे. टपाल तिकिटांच्या कॅटलॉगमध्ये ती सापडत नाहीत, चित्रं रंगीत नसतात, आणि 'इन्शुरन्स' म्हटलं की समोरचा विचारतो, तुम्ही एजंट आहात का?

मी यात पुन्हा ओढला गेलो तो जुन्या बाजारामुळे. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरतो तो. नळाच्या तोट्या, ग्रामोफोनचे भोंगे, कुलपं, आणि मधेच एखादा रद्दीवाला. १९९६ च्या पावसाळ्यात एकाकडे सुतळीने बांधलेला गठ्ठा दिसला. वरच्या कागदावर ओळखीचं तिकीट. "मामा, कसा दिला?" "कशाला पायजे?" "तिकिटं जमवतो." "मंग पन्नास." जमवतो म्हणायला नको होतं. पस्तीसवर तुटलं.

घरी येऊन सुतळी सोडली तर एका कापडदुकानाच्या आगीच्या विम्याच्या पावत्या. एकच दुकान, एकच कंपनी, लागोपाठच्या वर्षांच्या. प्रत्येक पावतीवर दोन तिकिटं शेजारी शेजारी चिकटवलेली, एक चार आण्यांचं 'इन्शुरन्स', दुसरं एक आण्याचं साधं रेव्हेन्यू. मला कळेना. पावतीला एक आणा लागायचा हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेलं होतं. मग हे चार आणे कशाचे? आणि पाच आण्यांचा हिशोब होता तर एकाच जातीची पाच आण्यांची तिकिटं लावून का भागवलं नाही? दुकानदार चुकला असेल म्हणावं, तर दरवर्षी तीच चूक?

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक निवृत्त वकील राहत. सगळी इमारत त्यांना वकीलकाकाच म्हणे. मी पावत्या आणि भिंग घेऊन वर गेलो. दंती कडा मोजून झाल्या होत्या. काळ्या ताटलीत लायटरच्या पेट्रोलचे थेंब टाकून तिकीट पालथं घातलं की कागदातलं जलचिन्ह क्षणभर गडद होऊन दिसतं, तेही एका सुट्या तिकिटावर करून झालं होतं. हे सगळं मी त्यांना उत्साहाने सांगितलं. त्यांनी भिंगाला हातही लावला नाही.

"तिकीट काय बघत बसलात? कलम बघा," म्हणाले, आणि १८९९ चा मुद्रांक कायदा काढून परिशिष्टातला सत्तेचाळिसावा अनुच्छेद माझ्यापुढे उघडला. विम्याची पॉलिसी.

त्या पानावर सगळं होतं. आण्यांच्या काळात आगीचा विमा पाच हजारांपर्यंतचा असेल तर मूळ पॉलिसीला आठ आणे, त्यावरच्या रकमेला एक रुपया. आणि दरवर्षी नूतनीकरणाचा हप्ता भरला की त्या पावतीला मूळ मुद्रांकाच्या निम्मं, शिवाय पावतीचा म्हणून जो काही मुद्रांक बसेल तो वेगळा. आठाचे निम्मे चार. आणि वीस रुपयांवरच्या पावतीचा एक आणा. दोन कर होते, म्हणून दोन जातींची तिकिटं. विम्याच्या कागदाला 'इन्शुरन्स' छापलेलंच तिकीट हवं असा नियम होता, साधं रेव्हेन्यू लावून भागत नसे. म्हणजे दुकानदार अगदी बरोबर होता, आणि वर मला हेही कळलं की त्याच्या दुकानातला माल त्याने पाच हजारांच्या आतच धरला होता. पावतीवरचा रकमेचा आकडा पाण्याने पुसला गेला होता. तो मला चार आण्यांनी सांगितला.

त्या दिवसापासून मी तिकिटं ओळखायची पद्धत बदलली. राजाचं डोकं बघून काळ ठरतो, नाही असं नाही. पाचवा जॉर्ज म्हणजे १९१० ते ३६, सहावा त्यानंतरचा, सिंह आले की आपलं राज्य. छपाई लंडनच्या डी ला रूची की नाशिकरोडची, हेही बघावं लागतं, कारण १९२५-२६ च्या सुमारास आपला छापखाना सुरू होईपर्यंत तिकिटं तिकडूनच येत. पण खरी ओळख तिकिटाखालच्या कागदात असते. ते कशावर चिकटलं होतं, किती किमतीचं होतं, शेजारी दुसरं कोण होतं, आणि ते कुणी कसं मारलं.

मारलं म्हणजे रद्द केलं. पोस्टाचं तिकीट पोस्ट मारतं. हे तिकीट लावणाऱ्यानेच मारायचं असतं. कायद्याचं बारावं कलम सांगतं की ते पुन्हा वापरता येणार नाही अशा रीतीने रद्द करा, हवं तर त्यावरून नाव किंवा आद्याक्षरं आणि खरी तारीख घाला. तसं केलं नाही तर कागदाला तिकीट लावलेलंच नाही असं धरतात. पाचवीतल्या मला जी घाण वाटली होती ती म्हणजे हे कलम. सही, तारीख, शिक्का, ज्यावरून तिकीट लावलेलं ठरतं ते सगळं मी बशीत धुऊन काढलं होतं. (आता कुणी मुलगा तिकिटं दाखवायला आला की मी आधी बशी लपवतो.)

वकीलकाकांचं ते पान मी नंतर झेरॉक्स करून आणलं आणि कादंबरी वाचावी तसं वाचलं. रेल्वे अपघाताचा विमा, एका प्रवासापुरता, त्याला एक आणा. पण प्रवासी इंटर किंवा तिसऱ्या वर्गाचा असेल तर माफ! त्यामुळे तिसऱ्या वर्गाच्या उतारूची असली पॉलिसी कुणी तिकिटासकट दाखवली तर ती संशयाने बघायची. तसंच पोस्टाचं. टपाल खात्याचा आयुर्विमा १८८४ पासूनचा, आपल्याकडच्या कितीतरी कंपन्यांपेक्षा जुना, आणि त्याच्या पॉलिसीला मुद्रांक माफ. ज्या खात्याच्या तिकिटांवर आम्ही सगळे लहानाचे मोठे झालो त्याच्याच पॉलिसीवर तिकीट नाही. माझ्या एका मित्राने वडिलांची अशी पॉलिसी 'तिकीट पडलेली, सदोष' म्हणून मला फुकट दिली होती. मी ती पुठ्ठ्यात घालून ठेवली आहे.

संग्रह वाढत गेला तसं एक विचित्र गणित लक्षात आलं. विम्याच्या पॉलिसी घरांत का सापडतात? मुदत पूर्ण झाली, किंवा माणूस गेला, की पॉलिसी कंपनीकडे परत द्यावी लागते, तेव्हाच पैसे मिळतात. म्हणजे ट्रंकेत, फडताळात, देवघराच्या खणात जी राहिली ती बहुतेक पैसे न मिळालेली. हप्ते थकले, तीन वर्षंही पुरी झाली नसतील तर तेव्हा सरेंडरचेही चार पैसे येत नसत, कागद तसाच पडून राही. आणि ज्यांचे पैसे मिळाले त्यांचे कागद कंपन्यांच्या दफ्तरांत जाऊन बसले. आयुर्विमा कंपन्यांचं १९५६ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं, २४५ लहानमोठ्या कंपन्या आणि संस्था एका महामंडळात आल्या. १९७३ मध्ये सर्वसाधारण विम्याच्या १०७ कंपन्यांच्या चार झाल्या. एवढ्या दफ्तरांची कुठे ना कुठे रद्दी होणारच. म्हणून जुन्या बाजारात हाती येतो तो पैसे मिळालेल्या विम्याचा कागद, आणि नातेवाइकांकडून मिळतो तो बुडालेल्याचा. मी दोन्ही वेगवेगळ्या फायलींत ठेवतो. संग्राहकांच्या दृष्टीने या वर्गवारीला काडीची किंमत नाही.

बाजारातून आलेल्यांत माझी आवडती आहे वेस्टर्न इंडिया लाइफची, साताऱ्याची. अण्णासाहेब चिरमुल्यांनी १९१३ मध्ये काढलेली कंपनी. मुंबईच्या बाजारपेठेत ओरिएंटलसारख्या जुन्या कंपन्या असताना साताऱ्यासारख्या गावातून एवढा कारभार चालवायचा, याचं मला कौतुक वाटतं. कागदावर साताऱ्याचा पत्ता बघून तर मी भावच केला नाही, मागितले तेवढे देऊन टाकले.

बंबातल्या पॉलिसीचा विषय माझ्या डोक्यातून गेला नव्हता. आयुर्विम्याचा दर त्या काळी हजाराला सहा आणे. माझ्याकडे आठ आणि चार, म्हणजे बारा आणे. सहा दुणे बारा. आजोबांनी दोन हजारांचा विमा उतरवला होता! प्राथमिक शाळेतला मास्तर, घरात आठ खाणारी तोंडं, आणि दोन हजार. बाकी सगळं जळलं होतं, तेवढा एक आकडा मी त्या दोन तिकिटांतून काढला, याचा मला चांगलाच अभिमान वाटला.

१९९९ मध्ये आत्या आमच्याकडे राहायला आली होती, तेव्हा मी हे तिला ऐकवलं. वही उघडून ती दोन तिकिटंही दाखवली. तिने चष्मा कपाळावर सरकवून ती डोळ्यांजवळ नेली.

"कुठले दोन हजार रे? दीड हजाराचा होता दादांचा विमा."

"अगं आत्या, बारा आणे आहेत. हजाराला सहा."

"ते मला माहीत नाही. दीड हजार. आई आणि दादा त्यावरून भांडायचे, मला पाठ आहे."

मी झेरॉक्स काढली. पहिल्या हजाराला सहा आणे, आणि पुढच्या प्रत्येक हजाराला 'किंवा त्याच्या कोणत्याही भागाला' सहा आणे. एक हजार एकपासून दोन हजारांपर्यंत सगळं बारा आण्यांतच. दीड हजार होते. तो 'कोणताही भाग' मी तीन वर्षं वाचत होतो आणि दर वेळी त्याच्यावरून घसरून पुढे जात होतो.

"मग बुडाली कशी?" मी विचारलं.

"बुडणार नाही तर काय. दुसऱ्या का तिसऱ्या वर्षाचा हप्ता आणि माझं लग्न एकाच महिन्यात आलं." तिने तिकिटं उजेडात धरली. "हे जांभळं काय?"

"शिक्का होता. मी धुतला."

"आणि कागद?"

"बंबात घातला. दिवाळीत."

ती हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, मग पाणी आणून दिलं. पेला खाली ठेवून तिने विचारलं, "आता किती येतील रे याचे, विकायला गेलास तर?"

"अशा धुतलेल्यांचे? वीस-पंचवीस रुपये. दोन्हींचे मिळून."

"म्हणजे आले म्हणायचे काहीतरी," आत्या म्हणाली, आणि वही मिटून तिने माझ्याकडे दिली.