डॉक्टर-डॉक्टर आणि आहार्य

मराठी मुलांचे कितीतरी खेळ द्विरुक्तीतून जन्माला येतात. घर-घर, शाळा-शाळा, डॉक्टर-डॉक्टर. शब्द दोनदा उच्चारला की वास्तवाचे बोट सुटते. भातुकलीला मात्र स्वतंत्र नाव आहे आणि तिची इवली भांडीही पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहेत. डॉक्टर-डॉक्टरला अशी परंपरा नाही. त्यामुळे पाच वर्षांच्या लेकीसाठी या खेळाचे साहित्य जमवण्याची वेळ आली, तेव्हा महाविद्यालयात मराठी शिकवणारे आम्ही दोघे अगदीच अननुभवी ठरलो.

वेळ आली ती अशी. गेल्या पावसाळ्यात आबा एकोणीस दिवस रुग्णालयात होते आणि तिथूनच गेले. अतिदक्षता विभागात लहान मुलांना प्रवेश नव्हता. पुढे पंधरवड्याने लेकीने घरातल्या सगळ्या बाहुल्या ओळीने निजवल्या आणि ‘मला डॉक्टरचं सामान हवं’ म्हणून हट्ट धरला.

आम्ही बाजारातून एक गुलाबी संच आणला. (मुलींसाठी गुलाबी आणि मुलांसाठी निळा, ही रोगनिदानाची कोणती पद्धत ते कळले नाही.) त्यातल्या स्टेथोस्कोपचे बटण दाबले की तो आपणहून धडधडायचा. दोन दिवसांत संच पलंगाखाली गेला. तो काढताना लक्षात आले की आतल्या चपट्या बटणसेलचे झाकण स्क्रूशिवाय, नुसत्या नखाने उघडते आहे. असा सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत तिथे गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. आम्ही सेल काढून टाकला. लेकीला त्याचे सोयरसुतक नव्हते.

का नसावे? व्हिगॉट्स्कीने १९३३ सालच्या खेळावरील व्याख्यानात म्हटले होते की काठीचा घोडा होतो, पण पोस्टकार्डाचा होत नाही. वस्तू हुबेहूब असण्याची गरज नाही. तिच्यावर स्वार होण्याची कृती मात्र करता आली पाहिजे. जो स्टेथोस्कोप स्वतःच धडधडतो, तो ऐकण्याची कृतीच हिरावून घेतो. लेकीने जुन्या कॅलेंडरच्या पानाची सुरळी केली आणि अस्वलाच्या छातीला लावली. गंमत अशी की १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेकनेही रुग्णाच्या छातीला आधी कागदाची सुरळीच लावली होती, लाकडी नळी नंतरची. लाकडी तुळईच्या टोकाला कान लावून खेळणाऱ्या पोरांवरून त्याला ही कल्पना सुचली, असेही सांगतात.

मग आम्ही वेगळ्या दृष्टीने सामान निवडू लागलो. जुन्या सुती साडीच्या पट्ट्या, सुई नसलेली धुतलेली सिरिंज, आंघोळीच्या साबणाची रिकामी डबी आणि चिठ्ठ्यांसाठी पाठकोरे कागद. पाऱ्याचा काचेचा थर्मामीटर अर्थातच नाही. त्याचे काम आइस्क्रीमच्या चपट्या काडीने केले. आबांच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे तिने मागितली. ती आम्ही दिली नाहीत. आज रिकामे पाकीट खेळणे झाले, तर उद्या भरलेलेही होईल. येथवर आमच्यात एकमत होते.

मतभेद झाला तो सलाईनवरून. आबांचा शेवटचा फोटो तिने फोनवर पाहिला होता. ‘सलाईन नसेल तर पेशंट बरा कसा होणार?’ असा तिचा बिनतोड प्रश्न. आमच्यापैकी एकाला ते नकोच वाटत होते, दुसऱ्याला नाही म्हणणे क्रूर वाटत होते. जी गोष्ट प्रत्यक्षात पाहवत नाही, तिचीच अनुकृती माणूस आनंदाने पाहतो, हे ॲरिस्टॉटलचे निरीक्षण आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकवत आलो. आहार्य अभिनयावर प्रश्नही काढले. आणि घरात एक पिशवी टांगायची म्हटल्यावर दोघांचे हात थरथरले.

निर्णय आईंनी घेतला. त्यांनी दुधाची पिशवी धुऊन खुंटीला अडकवली, वीतभर नाडा लावला (गळ्याभोवती जाईल इतका लांब नको, हे त्यांनीच बजावले) आणि स्वतः दिवाणावर आडव्या झाल्या. एकोणीस दिवस त्या रुग्णालयाच्या बाकड्यावर बसून होत्या.

‘आजी, तू आबा हो,’ लेक म्हणाली.

आई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘झाले.’

एरवी आबांना ‘तू’ म्हणणारी मुलगी एकदम बदलली. ‘आबा, मोठा श्वास घ्या. कुठे दुखतंय तुम्हाला?’

‘आता नाही दुखत, डॉक्टर.’

‘मग रडताय का?’

‘घरी जायचंय म्हणून.’

लेकीने सुरळी लावून बराच वेळ ऐकले. आम्ही दारात उभे होतो. आत जावे की नाही, कळत नव्हते. तिने नाडा सोडवला, पाठकोऱ्या कागदावर चार वाकड्या रेघा ओढल्या, खाली सहीसारखे काहीतरी गिरवले आणि तो आईंच्या हातात दिला. ‘दोन दिवस आंबट खायचं नाही. तीनशे रुपये झाले.’

आईंनी कनवटीला हात लावला, मग हसल्या आणि उठून डब्यातला लाडू काढून दिला. चिठ्ठी त्यांनी पोथीत ठेवली आहे. अस्वलाचे सलाईन अजून चालू आहे. पिशवी आम्ही आठवड्याने बदलतो, दुधाचा वास येतो म्हणून.