शेहेचाळीस जणांच्या गावाकडे

कुकम, शनिवार

ती. आबा,

थेम्सकाठचं हे गाव पायी फिरून झालं. चित्रकार स्टॅनली स्पेन्सर इथला. लहानपणी तो ज्या प्रार्थनाघरात आईबरोबर जायचा, तिथंच आता त्याची चित्रं मांडली आहेत. पहिल्या महायुद्धात तो आधी ब्रिस्टलच्या लष्करी इस्पितळात वॉर्डबॉय होता, मग मॅसिडोनियाच्या आघाडीवर गेला. तो परतला, पण थोरला भाऊ सिडनी सप्टेंबर 1918 मध्ये पडला. लढाई थांबायला दोन महिनेही नव्हते! गावच्या युद्धस्मारकाच्या अनावरणाचं चित्र स्टॅनलीनं 1922 साली काढलं.

बर्गक्लेअर, सोमवार

आबा, आज जे पाहिलं ते तुम्हाला दाखवायला हवं होतं. खेड्यातलं विटांचं छोटं चॅपल. मॅसिडोनियात जडलेल्या आजारानं 1919 साली गेलेल्या लेफ्टनंट सँडहॅमसाठी त्याच्या बहीण-मेव्हण्यांनी ते बांधलं, आणि 1932 पर्यंत राबून स्पेन्सरनं त्याच्या भिंती चित्रांनी भरल्या. आत विजेचा दिवा नाही. खिडकीतून येईल त्या उजेडात बघायचं.

लढाई कुठंच नाही. शिपाई चहाची भांडी भरताहेत, ब्रेडला जाम लावून खाताहेत, अंथरुणं घालताहेत. एका चित्रात मनानं खचलेला एक जण पालथा पडून फरशी घासतोय. दुसऱ्यात तहानलेले शिपाई खडकावर ओणवे होऊन बाटल्या भरताहेत आणि पाठीवरचे रेनकोट पंखांसारखे पसरलेत. मी तिथं फार वेळ उभी राहिले. तुम्ही फौजेतून सुट्टीवर आलात की विहिरीवर असेच ओणवे व्हायचात.

वेदीमागच्या भिंतीवर मेलेले शिपाई उठून उभे राहतात आणि आपापला पांढरा क्रूस येशूकडे नेऊन देतात. मधोमध दोन खेचरं माना वळवून उठताहेत. त्यांच्याकडे बघताना त्याच महायुद्धातलं, इराकमधलं कूत आठवलं. तिथल्या वेढ्यात आपल्या मराठा पलटणीही अडकल्या होत्या आणि 1916 साली घोडी-खेचरं कापून खायची पाळी आली होती.

आपल्या शेजारच्या अपशिंग्याचे 46 जण त्या महायुद्धात गेले. लहानपणापासून आपण आकडाच ऐकत आलो. त्यांच्यातला कोण भाकऱ्या थापायचा, कोण खेचरं हाकायचा, कोणाला पत्र लिहिता येत नव्हतं म्हणून दुसऱ्याकडून लिहून घ्यायचा, हे कोणी सांगत नाही. स्पेन्सरनं नेमकं तेच जपलं, म्हणून हे स्मारक मला सगळ्यांत खरं वाटतं.

एक काम करा. गुडघे बरे असतील त्या दिवशी अपशिंग्याला जा. म्हाताऱ्या माणसांकडे बसा. आजे-पणज्यांचं जे काही आठवत असेल, ते साधं असलं तरी, वहीत उतरवून घ्या. मी दिवाळीला येते, तेव्हा उरलेल्या घरी आपण दोघं मिळून जाऊ.

तुमची,
सुमी