करणी करणाऱ्याला दोरी का सुटत नाही?

मार्व्हल कॉमिक्सचा पर्पल मॅन १९६४ सालचा. तो बोलेल तसं समोरचा वागतो. पण ताकद साध्या माणसाचीच, मार लागतो. ताबा चालतो तो त्याच्या अंगातून निघणाऱ्या रसायनामुळे, तोही जवळच्यांवर. लांब गेलं, वेळ गेला की माणूस मोकळा.

कॉमिक्सवाल्यांनीही खलनायकाला नियम घातले. आपल्याकडे ज्याच्यावर करणी-भानामतीचा संशय घेतात, त्याला एकही नियम नाही. म्हणे घरी बसून तो कोणाचंही डोकं फिरवतो, लेकरू आजारी पाडतो!

ऑगस्ट २०२१, वणी खुर्द, तालुका जिवती. भानामतीच्या संशयावरून ७ जणांना भर चौकात बांधून मारलं. त्यात म्हाताऱ्या बायाही होत्या. मे २०२४, बारसेवाडा, तालुका एटापल्ली. जादूटोण्याच्या संशयावरून एक बाई अन् एक माणूस, दोघांना जाळून मारलं.

माझा साधा प्रश्न आहे भाऊ. अख्ख्या गावाचं मन फिरवणाऱ्याला स्वतःच्या हाताची दोरी सोडवता येऊ नये? मारणाऱ्यांपैकी एकाचं तरी मन फिरवता येऊ नये?

अमका करणी करतो असं पसरवून त्याचं जगणं मुश्कील करणं, हाच २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं. म्हणजे मारहाण होईपर्यंत थांबायची गरज नाही. गावात कोणाच्या नावाची कुजबुज सुरू झाली की त्याच दिवशी पोलीस ठाण्यात कळवा. दोरी निघाल्यावर कोणी ऐकत नाही.