कपाटातला समुद्र

हुबळीच्या कमरीपेठेत माझ्या मावसभावाने खाऱ्या पाण्याची टाकी मांडलीय. लिटरला ३५ ग्रॅम मीठ, खडक, चार मासे. प्रवाळ नाही; २००१ पासून ते वन्यजीव कायद्याने वाघाच्या यादीत आहेत.

खरी गंमत खालच्या कपाटात. वरचे पाणी तिथल्या दुसऱ्या टाकीत उतरते. तिच्या एका कप्प्यात, दिव्याखाली, शेवाळ वाढते. माशांच्या घाणीतून होणारे नायट्रेट ते शोषते; वाढले की कापून टाकायचे. त्यात बारीक जीव निर्धास्त वाढतात. पंप पाणी पुन्हा वर चढवतो. वीज गेली तर वरचे पाणी मावावे म्हणून खाली जागा रिकामी ठेवायची.

आमच्या खाजनाकाठची खारफुटी हेच करते: पाणी गाळते, पिल्लांना आसरा देते. पंपाशिवाय, भरती-ओहोटीवर. भाऊ त्यासाठी विजेचे बिल भरतो. आम्ही गोंयकार मात्र त्यावर मातीचा भराव टाकतो!