ताप उतरल्यावर गेलेलं

चिकुनगुनियाचा ताप आठवड्याभरात उतरतो. २००६ मध्ये देशभरात १३ लाखांहून अधिक संशयित रुग्ण मोजले गेले, ते या तापाचे. ताप उतरल्यावर हातापायांतून काय काय गेलं, त्याची ही यादी.

   

सकाळ. रात्रभरात सांधे आखडतात. खाटेवरून पाय खाली टेकवणंच अवघड. भिंत धरत न्हाणीपर्यंत पोचेतो नळाचं पाणी गेलेलं असतं.

मूठ. बोटं पुरती वळत नाहीत. डब्याचं झाकण निघत नाही, ओला कपडा पिळवत नाही, किल्ली कुलपात फिरत नाही.

भाकरी. मळायला तळवा लागतो, थापायला बोटं, उचलायला मनगट. तिन्ही एकदम दुखतात. ज्वारी डब्यात पडून राहते आणि घर भातावर येतं.

मांडी. पंगत गेली, भजनाची बैठक गेली. उकिडवं बसण्याच्या धास्तीनं बायका पाणीही कमी पितात.

बांगड्या. सुजेमुळे साबण लावून काढलेल्या. अंगठी, जोडवीही त्यांच्यासोबत डबीत.

हजेरी. खुरपं धरवत नाही, कापूस वेचायला वाकवत नाही. हातावर पोट असलेल्या घरात आधी मजुरी बुडते, मग उधारी वाढते.

विश्वास. सगळ्यांत जास्त लागतं ते हे जाणं. विषाणू रक्तातून निघून गेला तरी सांध्यांतला दाह मागे राहू शकतो; एक्स-रेत बहुधा काही दिसत नाही. "आता ताप कुठंय?" असं घरचेच विचारतात. चाळिशी ओलांडलेल्यांत आणि बायकांत हे दुखणं जास्त रेंगाळतं. म्हणजे ज्यांच्यावर घर चालतं, त्यांनाच दुखणं सिद्ध करावं लागतं.

यातलं बरंचसं परत येतं. एकदम येत नाही, ठरल्या क्रमानंही येत नाही. कोमट पाण्यात हात बुडवून हळूहळू मूठ वळवणं, झेपेल तेवढं चालणं, थकवा आला की थांबणं, यांनी ते येतं. विषाणूवर नेमकं औषध नाही, पण दाहावर उपचार आहेत. तीन महिने उलटूनही सांधे दुखत असतील तर संधिवाततज्ज्ञाला दाखवावं.

जाताना आपली यादी सोबत न्यावी. "दुखतं" एवढंच सांगितलं तर वेदनाशामक गोळीवर भागतं. "सकाळी तासभर बोटं वळत नाहीत, भाकरी थापता येत नाही" असं सांगितलं तर डॉक्टरांना दाहाची दिशा कळते. हीच यादी घरातही मोठ्यानं वाचावी. त्यातली कामं वाटून घ्यावीत, दुखणं सोसणाऱ्या बाईनं मागायची वाट न पाहता. आणि ती उठून हिंडू लागली म्हणून लगेच परत तिच्या हातात देऊ नयेत.