मधली वाट कोणाची?

घरात कुणी बाहेरगावी निघालं की तिकिटाच्या आधी आम्ही एक गोष्ट विचारतो : मध्ये गाडी बदलावी लागेल का? तरुण मुलांना या प्रश्नाचं हसू येतं. पण ज्या घरात गुडघे दुखणारी दादी आहे, लेकरू कडेवर घेऊन माहेरी जाणारी सून आहे, नजर कमी झालेले अब्बा आहेत, त्या घराला हा प्रश्न कळतो. गाडीत जागा मिळाली की पुढचं आपोआप होतं. माणूस थकतो तो एका गाडीतून उतरून दुसरी गाठेपर्यंत.

आमची फुफी भुदरगड तालुक्यातल्या गावी राहते. तिच्यावर मिरजेत उपचार चालू आहेत. गावाहून एसटीने कोल्हापूरचं मध्यवर्ती बसस्थानक, तिथून रेल्वे स्टेशन आणि पुढे रेल्वेने मिरज, असा तिचा प्रवास. रेल्वेत पाय मोकळे करता येतात, स्वच्छतागृह असतं, म्हणून तिला ती सोयीची वाटते. गेल्या वर्षी तिने डॉक्टरांची तारीख दोनदा चुकवली. पैशाची अडचण असेल, असं आम्हाला वाटलं. विचारल्यावर म्हणाली, "एसटीचं काही नाही बाबांनो, रेल्वेचंही काही नाही. मधलं तेवढं चालणं नको वाटतं."

मधलं तेवढं म्हणजे किती? कोल्हापूरकर सांगेल, हे काय, पाच-दहा मिनिटं! बसस्थानक आणि स्टेशन एकाच भागात आहेत, ही खरं तर या शहराला मिळालेली देणगी आहे. अनेक शहरांत ही दोन ठिकाणं दोन टोकांना असतात. पण एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात दवाखान्याची फाइल आणि समोरून अखंड वाहनं असली की पाच मिनिटांचं अंतर मोठं होतं. त्यात पावसाळा. जवळच्या परीख पुलाखाली जोराच्या पावसात पाणी साचतं, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. शिवाय एसटीच्या काही गाड्या रंकाळा आणि संभाजीनगर स्थानकांतून सुटतात. तिकडे जायचं तर केएमटी किंवा रिक्षा शोधणं आलं.

यात एका कुणाकडे बोट दाखवता येत नाही. रेल्वे केंद्राची, एसटी राज्याच्या महामंडळाची, केएमटी महापालिकेची, रिक्षाचा परवाना परिवहन कार्यालयाचा. प्रत्येकजण आपल्या फाटकापर्यंत जबाबदार. एका फाटकापासून दुसऱ्या फाटकापर्यंतच्या वाटेवर मात्र मुसाफिर एकटा असतो. एकात्मिक वाहतूक केंद्र हा शब्द अलीकडे वारंवार कानावर येतो. त्याचा साधा अर्थ आम्ही असा घेतो : या मधल्या वाटेला कुणीतरी वाली असणं.

मुसाफिराची काळजी आपल्याला नवी नाही. पवित्र कुरआनने जकातीच्या हक्कदारांमध्ये मुसाफिराची गणना केली आहे. प्रवासात असलेल्याला रोजा पुढे ढकलण्याची आणि नमाज कमी करण्याची सवलत आहे. म्हणजे प्रवास हे कष्ट आहेत, हे आपल्या दीनने मान्य केलं आहे. वाटेतली त्रासदायक वस्तू दूर करणं हाही इमानचाच एक भाग असल्याचं प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकवलं. खलिफा उमर बिन अब्दुल अजीज यांनी मुसाफिरांसाठी सराया बांधण्याचे आदेश दिले होते. आपल्या देशात शेरशाह सूरीने आपल्या महामार्गांवर दर दोन कोसांवर सराय उभारली आणि वाटेवर सावलीची झाडं लावली. त्याचं राज्य १५४० ते १५४५ एवढंच टिकलं, पण त्याच्या सडका लोक विसरले नाहीत. नुसता रस्ता केला म्हणजे प्रवास सुखाचा होत नाही. थांबायची, पाणी प्यायची, टेकायची जागाही लागते, हे त्याने ओळखलं होतं.

कोल्हापूरला हे वेगळं शिकवायला नको. इथली मिरजेची रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली. पुढे राजर्षी शाहू महाराजांनी शिक्षणाची दारं सर्वांना उघडली, तेव्हा नुसत्या शाळा काढून ते थांबले नाहीत. खेड्यातलं पोर शाळेपर्यंत पोहोचलं तरी राहणार कुठे, हा मधला प्रश्न त्यांनी ओळखला आणि निरनिराळ्या समाजांची वसतिगृहं उभी राहिली. दसरा चौकातलं आपलं मुस्लिम बोर्डिंग १९०६ च्या त्याच कामातून आलं. शाळा होती, मूलही होतं; दोघांना जोडणारा दुवा बोर्डिंगने दिला. स्टेशन आणि स्टँडच्या बाबतीत तोच दुवा आज हवा आहे.

असे दुवे इतरत्र तयार झाले आहेत. मुंबईत घाटकोपरला मेट्रोतून उतरलेला माणूस रस्त्यावर न येता पुलावरूनच लोकलच्या स्टेशनात जातो. कोल्हापूरहून हजरत निजामुद्दीनला थेट गाडी जाते. तिथे स्टेशनाच्या शेजारी सराय काले खान हे मोठं बसस्थानक आहे, मेट्रो आहे. नमो भारत गाड्यांच्या नव्या स्थानकाच्या आराखड्यात तर रेल्वे स्टेशनपर्यंत पादचारी पूल आणि त्यावर सरकते मार्ग धरले आहेत. जुन्या सरायीचं नाव लावणाऱ्या जागी मुसाफिराचा विचार व्हावा, याचं आम्हाला समाधान वाटतं.

कोल्हापूरला लगेच सरकते मार्ग हवेत, असं आमचं म्हणणं नाही. आपलं स्टेशन अमृत भारत योजनेत आहे, काम होईल, इमारत सजेल. पण आम्ही मोजमाप फुफीच्या पावलांनी करू. स्टँडपासून स्टेशनपर्यंत छप्पर असलेली, सपाट, अतिक्रमण नसलेली पायवाट. पायऱ्या असतील तिथे उतार. मध्ये दोन ठिकाणी पाठ टेकता येईल असे बाक. मोठ्या मराठी अक्षरांत बाण : रेल्वे इकडे, एसटी इकडे, केएमटी इकडे. स्टँडवर रेल्वेच्या आणि स्टेशनवर एसटीच्या वेळा दाखवणारा फलक. प्यायच्या पाण्याचा स्वच्छ नळ. त्याने तहानही भागेल, वजूही होईल.

यात बायकांचा विचार आधी व्हावा. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, त्याआधीच्या वर्षापासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे. सवलतीमुळे कितीतरी आया-बहिणी पहिल्यांदा एकट्या बाहेर पडल्या. त्यांना स्वच्छ, उजेड असलेलं, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह आणि बाळाला पाजायला हिरकणी कक्ष सहज सापडला पाहिजे. नाहीतर सकाळपासून पाणी न पिता प्रवास करायची आपल्या बायकांची जुनी सवय सुटणार नाही, आणि त्यातून होणारी दुखणीही.

सध्या फुफी येते तेव्हा आमच्यापैकी कुणीतरी स्टँडवर हजर असतं. आता तिची तारीख चुकत नाही. पण त्याच एसटीतून ज्यांचं कोल्हापुरात कुणी नाही अशाही बायका उतरतात. रमजानमध्ये मुसाफिरांना इफ्तार देणारी, उन्हाळ्यात पाणपोई घालणारी आपली तरुण मंडळं आहेत. त्यांनी एक दिवस ही वाट एखाद्या वृद्धाचा हात धरून चालावी, कुठे अडतं ते लिहून काढावं आणि तो कागद नगरसेवक, आगारप्रमुख, स्टेशन अधीक्षक या सगळ्यांच्या हातात एकाच दिवशी द्यावा. शहरातल्या इतर मंडळांनाही सोबत घ्यावं, कारण गुडघे सगळ्यांचेच दुखतात. वाटेतला दगड बाजूला करण्याचं पुण्य ज्याला घ्यायचं आहे, त्याच्यासाठी ही वाट रोज खुली आहे.