जव्हारच्या उतारावरची नाचणी

पावसाळ्यात आपण पालघर जिल्ह्यातील जव्हारकडे निघालात, तर भातखाचरांच्या वर, पाणी न ठरणाऱ्या वरकस जमिनीत नाचणी डुलताना दिसेल. असे सकस धान्य पिकवणाऱ्या याच तालुक्यात १९९२ साली वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली. दारिद्र्य हे त्याचे मूळ. तथापि बाळाच्या वाटीत काय पडते, हेही पाहायला हवे.

पातळ पेजेने बाळाचे पोट भरते, पोषण होत नाही. जुन्या घरांतील उपाय असा: नाचणी रात्रभर भिजवावी, फडक्यात बांधून मोड आणावेत, वाळवून मंद भाजावी. चार वाट्या नाचणीस एक वाटी भाजलेली मूगडाळ मिळवून दळावे. मोडांमुळे पीठ शिजताना फार घट्ट होत नाही. म्हणून वाटीभर पेजेत अधिक पीठ मावते. वाढताना चमचाभर तूप घालावे. पेज चमच्यावरून ओघळणार नाही, इतपत दाट असावी.

सहा महिने पूर्ण झाल्यावर, आईच्या दुधासोबत ती सुरू करावी; वर्षापर्यंत मीठ, साखर, मध नको.

आजीआजोबांनो, महागडा डबा घरात येण्यापूर्वी मोड आणण्याची ही रीत आपल्या लेकीसुनांच्या, मुलांच्याही हाती सोपवा.